मेहरूणची बोरी आणि उन्हाचा वाटा

१

गावाचे नाव फळाला मिळावे आणि पुढे त्या फळामुळेच ते गाव दूरवर ओळखले जावे, असे भाग्य थोड्याच गावांना लाभते. खानदेशात ते मेहरूणला लाभले. जळगाव शहराच्या अंगाला, तलावाच्या काठी वसलेल्या ह्या गावाचे नाव महाराष्ट्रातील बोरांच्या एका जातीला मिळाले आहे. उमराण, कडाका इत्यादी नावांच्या बरोबरीने ‘मेहरूण’ हे नाव फळशास्त्राच्या पुस्तकांत नोंदले गेले आहे. मकरसंक्रांतीच्या सुगडात आणि लहान मुलांच्या बोरन्हाणात जी बोरे लागतात, त्यांत मेहरूणच्या बोरांना खानदेशात विशेष मान असे.

ह्या बोरांच्या गोडीचे कारण विचारले असता सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, गावची माती. दुसरे, गावचे पाणी. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. बोरी हे पाण्याच्या मागे धावणारे झाड नव्हे; हलक्या, मुरमाड, किंबहुना क्षारयुक्त जमिनीतही ते तग धरते. ज्या एका गोष्टीवाचून त्याचे मुळीच चालत नाही, ती म्हणजे मोकळे ऊन. उन्हाचा हा वाटा मेहरूणच्या आणि एकूणच खानदेशच्या बोरीला कोणत्या व्यवस्थेतून मिळत गेला, ती व्यवस्था कशी पालटली आणि पालटल्यावर उन्हाचे नियमन माणसाला जाणीवपूर्वक कसे करावे लागले, हा ह्या फळाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. बांध, बाग आणि वस्ती ह्या तीन पायऱ्यांनी त्याचा विचार करणे सोयीचे ठरते.

२

बोरीचा आणि दख्खनच्या माणसाचा संबंध फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या धान्यांबरोबर बोरांचे जळके अवशेषही मिळाले. म्हणजे इसवी सनापूर्वी हजार-दीड हजार वर्षे येथील माणूस बोरे गोळा करून खात होता. यजुर्वेदीय वाङ्मयात बदर, कुवल आणि कर्कंधु अशी बोरांची तीन वेगवेगळी नावे येतात. एकाच फळाच्या प्रकारांना तीन नावे देणारा समाज त्या फळाकडे बारकाईने पाहत असला पाहिजे, हे उघड आहे. खानदेशात पारोळा-अमळनेरच्या बाजूने वाहत जाऊन तापीला मिळणाऱ्या नदीचे नावच बोरी आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात ह्या भागातील वृक्षांची जी यादी आहे, तीतही बोरीला स्थान आहे.

ह्या झाडाचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशापासून दख्खनच्या अवर्षणप्रवण पठारापर्यंत बोरी वाढते. तिचे सोटमूळ खोल जाते. चैत्र-वैशाखात, जेव्हा जमिनीतील ओल संपते आणि उष्मा पराकोटीस पोहोचतो, तेव्हा ती पाने गाळून विश्रांती घेते. पहिल्या पावसाबरोबर तिला नवी फूट येते. ह्याच नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत, पावसाळ्याच्या उत्तरार्धात बारीक हिरवट-पिवळा फुलोरा येतो आणि थंडीत फळ पिकते. जुन्या लाकडावर फळ धरत नाही. म्हणून दरवर्षी जोमदार नवी फूट येणे आणि त्या फुटीवरील प्रत्येक पानाला ऊन लागणे, ह्या दोन गोष्टींवर पुढच्या थंडीतील पीक अवलंबून असते.

उन्हाचे काम येथे नेमके कोणते, हेही सांगितले पाहिजे. पान सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते. तीच पुढे फळात साठते. झाडाच्या डोईचा घेर दाट झाला, की बाहेरची पाने ऊन खातात आणि आतली पाने अंधारात राहतात. अंधारातील पान साखर जोडण्याऐवजी खर्च करू लागते. आतील काड्या हळूहळू वाळतात, फळ केवळ बाहेरच्या कवचावर उरते, आणि सावलीत धरलेले फळ बारीक, फिके व आंबट राहते. दाट व दमट झाडोऱ्यात फळांवर भुरी रोगही लवकर पसरतो. ह्याच्या उलट, जे फळ उघड्या उन्हात वाढते त्याला रंग आणि गोडी दोन्ही येतात.

३

खानदेशचे ऊन प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळच्या भागात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. परंतु ऊन कडक आहे एवढ्यावरून ते झाडाला मिळतेच असे नाही. सूर्य कोणत्या ऋतूत कोठून तळपतो, ह्यावर ते ठरते. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास सूर्य येथे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. ह्या काळात उभ्या वस्तूची दुपारची सावली जवळजवळ तिच्या पायातच पडते. दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो.

डिसेंबरच्या अखेरीस चित्र पूर्ण पालटते. दिवस सुमारे ११ तासांचा होतो, आणि भर माध्यान्हीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून केवळ ४५-४६ अंश उंचीवर असतो. अशा वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच लांब होऊन उत्तरेकडे पडते. माध्यान्हाच्या तीन तास आधी किंवा नंतर तीच सावली उंचीच्या जवळजवळ दुप्पट होते. सकाळी ती वायव्येकडे व दुपारनंतर ईशान्येकडे झुकते.

बोरीच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. तिची फूट वाढते तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, म्हणून शेजारच्या झाडाची वा भिंतीची अडचण फारशी जाणवत नाही. फळात साखर भरते तेव्हा मात्र सूर्य कललेला असतो, आणि दक्षिणेकडील प्रत्येक उंच वस्तू तिच्या उन्हातला हिस्सा काढून घेते. पावसाळ्यात निरोगी दिसलेले झाड पौषात निराशा करते, त्याचे एक कारण ह्या सावलीत सापडते.

४

पहिली पायरी बांधाची. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे पैमाशीच्या पद्धतीने शेते मोजून त्यांना क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांत ह्या पैमाशीविरुद्ध रयतेने मोठा विरोध केला. तो मोडून काढण्यात आला आणि मोजणी पुढे चालू राहिली. पैमाशीमुळे शेताच्या हद्दी कायम झाल्या. दोन शेतांमधील सरबांध ही नांगर न फिरणारी पट्टी ठरली. पाखरे बोरे खाऊन बिया टाकीत, गुरे-शेळ्याही हेच काम करीत. नांगराखाली येणाऱ्या जमिनीत ही रोपे टिकत नसत. बांधावर, विहिरीच्या काठी आणि नाल्याच्या कडेला ती टिकत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सरकारने राखून ठेवलेली झाडे सोडून इतर झाडांवरील हक्क सर्वसाधारणपणे खातेदाराकडे आला. त्यामुळे बांधावरची बोरी ही शेतकऱ्याची स्वतःची मिळकत झाली.

ह्याच सुमारास खानदेशच्या शेतीला एक वेगळे वळण लागले. १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व मागणी आली, लोहमार्ग खानदेशातून गेला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. शेतात कापूस, ज्वारी, बाजरी ही पिके होती. ज्वारी पुरुषभर उंच होते खरी, पण बोरीच्या फळात साखर भरण्याच्या ऐन वेळी खरिपाची ज्वारी कापून निघालेली असते. कापूस तर कमरेच्या आसपासच राहतो. म्हणजे बांधावर एकट्या उभ्या असलेल्या बोरीला पूर्व, दक्षिण आणि पश्चिम ह्या तिन्ही दिशांनी थंडीचे तिरपे ऊन अडथळ्यावाचून मिळत असे. कोणीही योजून न केलेली, परंतु ह्या झाडाला सर्वांत मानवणारी अशी ही जागा होती.

परंतु बांधावर झाड असले की सावलीचा तंटाही आलाच. बांधाच्या उत्तरेकडील शेतकऱ्याच्या पिकावर थंडीत सावली पडते. झाडाखालच्या ओळी मरतुकड्या होतात. आंबा वा चिंच बांधावर असेल तर ही तक्रार पिढ्यानपिढ्या चालते. बोरीच्या बाबतीत ती कमी तीव्र असे. ह्याचे कारण एका जुन्या ग्रामीण रीतीत आहे. शेताला काट्याचे कुंपण घालण्यासाठी शेतकरी उन्हाळ्यात बोरीच्या आणि बाभळीच्या फांद्या तोडीत. पेरणीपूर्वी कुंपण उभे राहिले पाहिजे, म्हणून ही तोडणी चैत्र-वैशाखात होई. तोडलेल्या काट्या शेताभोवती आणि खळ्याभोवती रचल्या जात. पाला शेळ्यांना मिळे. उरलेले चुलीत जाई.

ह्या तोडणीचा हेतू कुंपणाचा होता. पण तिच्यामुळे झाडाच्या बाबतीत जे घडत असे, ते पाहण्यासारखे आहे. झाड विश्रांती घेत असताना त्याचे जुने लाकूड निघून जाई. पावसाबरोबर बुंध्याजवळच्या डोळ्यांतून जोमदार नवी फूट येई, आणि फळ तर नव्या फुटीवरच धरते. दाट झालेला घेर मोकळा होऊन आत ऊन शिरे. झाड आटोपशीर राहिल्याने शेजाऱ्याच्या शेतावरची सावलीही आखूड होई. म्हणजे कुंपणाची गरज, शेजाऱ्याची मर्जी आणि झाडाची प्रकृती ह्या तिन्ही गोष्टी एकाच कुऱ्हाडीने साधल्या जात. पुढे उद्यानविद्येने बोरीसाठी जी वार्षिक छाटणी सांगितली, तिचा हंगाम हाच आहे, हा योगायोग नव्हे. झाडाच्या विश्रांतीचा काळ शेतकऱ्याने आणि शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मार्गांनी ओळखला, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काटेरी तार आली. तारेचे कुंपण टिकाऊ आणि सोयीचे, ह्यात शंका नाही. पण तार आली तशी वैशाखातील तोडणी मागे पडली. ज्या बोरीला दरवर्षी कुऱ्हाड लागत असे, ती वाढत गेली, गुंतत गेली आणि आतून अंधारली. ‘पूर्वीसारखी बोरे आता येत नाहीत’ ही तक्रार अनेक गावांतून ऐकू येते. तिची कारणे अनेक असतील. परंतु त्यांत बंद पडलेल्या काटेतोडीचा विचार सहसा होत नाही, तो व्हावयास हवा.

५

दुसरी पायरी बागेची. बोरीचे बी लावले तर आईसारखे फळ येईलच अशी खात्री नसते. एखाद्या झाडाची गोडी टिकवावयाची तर त्याचा डोळा काढून जंगली बोरीच्या रोपावर भरावा लागतो. ‘मेहरूण’ ही गावाची खूण न राहता जातीचे नाव झाली, ती ह्या डोळे भरण्याच्या विद्येमुळे. ह्या विद्येचा एक प्रकार खानदेशासारख्या प्रदेशाला विशेष सोयीचा होता. रानात वा बांधावर आधीच उभी असलेली गावठी बोर उन्हाळ्यात बुंध्यापासून कापावयाची, पावसाळ्यात येणाऱ्या फुटींपैकी जोमदार फूट राखून तिच्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावयाचा. मूळ जुने असल्यामुळे असे झाड लवकर फळाला येते आणि जागाही आधीच मोकळ्या उन्हाची असते.

स्वातंत्र्यानंतर कोरडवाहू फळझाडांच्या अभ्यासाला संस्थात्मक बैठक मिळाली. जोधपूर येथे १९५२ मध्ये सुरू झालेल्या वाळवंट वनीकरण केंद्रातून १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आकारास आली. तेथे बोरीच्या अनेक जातींचा अभ्यास झाला. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि धुळे येथील कृषी महाविद्यालय त्याच्या कक्षेत आले. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली. ह्या योजनेने पडीक व हलक्या जमिनींवर बोर, सीताफळ, आवळा, डाळिंब ही झाडे ओळींनी लावली गेली. बांधावरचे एकटे झाड आता बागेतील अनेकांपैकी एक झाले.

बागेने बोरीचे उत्पन्न वाढविले, पण तिच्या उन्हाचे गणित बदलले. सहा मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लावल्यास हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. झाड पाच मीटर उंच वाढू दिले, तर डिसेंबरच्या माध्यान्ही त्याची सावली उत्तरेकडील झाडाच्या घेरात शिरते. सकाळी नऊ व दुपारी तीनच्या सुमारास ती दहा मीटरच्या जवळ पोहोचते. म्हणजे फळ पिकण्याच्या काळात प्रत्येक झाड शेजाऱ्याच्या सावलीत दिवसाचा बराच भाग काढते. बांधावर निसर्गतः मिळणारे ऊन बागेत मोजूनमापून द्यावे लागते. आणि ते देण्याचे साधन म्हणजे छाटणी.

महाराष्ट्रात बोरीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत करतात. प्रथम झाडाला वळण द्यावे लागते. कलमाखालची जंगली फूट वेळोवेळी काढून एकच सरळ खोड राखतात, आणि त्यावर चोहो दिशांना विखुरलेल्या तीन-चार मुख्य फांद्या ठेवतात. त्यानंतर दरवर्षी गतवर्षीच्या फुटी आखूड करतात, एकमेकींत घुसलेल्या, रोगट व वाळलेल्या काड्या काढतात आणि मध्यभाग मोकळा ठेवतात. छाटणी फार हलकी झाली तर झाड लांबत जाते व फळ शेंड्यांवर पळते. फार जबर झाली तर सारा जोर लाकूड वाढविण्यात जातो आणि त्या वर्षीचे पीक घटते. ह्या दोहोंमधील मार्ग जातीप्रमाणे, वयाप्रमाणे व जमिनीप्रमाणे ठरवावा लागतो.

नाशिकच्या द्राक्षबागांशी ह्याची तुलना उद्बोधक आहे. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिलीनंतर आलेल्या काडीला उन्हाळ्यात पुरेसे ऊन मिळाले, तरच तिच्या डोळ्यांत घड धरतात. बोरीला एकच छाटणी पुरते, कारण तिचे फळ त्याच वर्षीच्या फुटीवर येते. परंतु तत्त्व एकच आहे. दोन्ही ठिकाणी कात्रीचे खरे काम लाकूड कमी करणे हे नसून पानांपर्यंत प्रकाश पोहोचविणे हे आहे.

उन्हाची आवड असलेल्या झाडालाही उन्हाचा अतिरेक बाधतो, हे येथे सांगणे अवश्य आहे. जबर छाटणीनंतर वर्षानुवर्षे सावलीत राहिलेली साल एकाएकी वैशाखाच्या उन्हात उघडी पडते. तिला चटका बसून ती फाटते व तेथून कीड आणि रोग शिरतात. म्हणून मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावणे आणि उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा पांढरा हात देणे इष्ट होय. नव्याने लावलेल्या कलमांना पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून तुराट्यांचा वा पाचटाचा आडोसा करतात. पण झाडाने जीव धरला, की तो आडोसा काढलाच पाहिजे. उन्हाचे नियमन म्हणजे ऊन केवळ वाढविणे नव्हे. ते कोणत्या वयात, कोणत्या ऋतूत आणि झाडाच्या कोणत्या अंगाला मिळावे, हे ठरविणे होय.

६

बागेच्या काळातच मेहरूणच्या बोरीवर दोन बाजूंनी दडपण आले. एक बाजू पाण्याची. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणाने, पुढे तापीवरील हतनूर धरणाने, विहिरींनी आणि १९८० च्या दशकापासून जळगाव परिसरात वेगाने पसरलेल्या ठिबक सिंचनाने जिल्ह्याच्या शेतीचे रूप बदलले. केळीने जळगावला देशभर नाव मिळवून दिले. केळी आणि बोरी ह्या दोन वनस्पतींचा उन्हाशी असलेला व्यवहार मुळातच भिन्न आहे. केळीची बाग दाट लावतात. तिच्या पानांनी जमीन झाकली जाते, आत गारवा व ओल टिकते, आणि उष्ण वाऱ्यापासून रक्षणासाठी कडेला उंच झाडांची दाट रांग ठेवतात. ही वाराप्रतिबंधक रांग म्हणजे बांधावरील बोरीच्या दृष्टीने एक भिंतच होय. शिवाय बागायती जमीन मोलाची झाल्यावर बांध अरुंद होत गेले, आणि ज्याचे उत्पन्न चार दिवसांच्या हंगामात संपते अशा काटेरी झाडासाठी जागा सोडणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. ह्यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही.

दुसरी बाजू बाजारपेठेची. राजस्थानातून आलेल्या उमराण जातीचे फळ मोठे, सोनेरी आणि दूरच्या वाहतुकीला टिकणारे आहे. तिच्यापुढे मेहरूणचे फळ आकाराने लहान पडले. अलीकडे ‘ॲपल बोर’ ह्या नावाने ओळखली जाणारी, हिरव्या सफरचंदासारखी दिसणारी मोठी बोरेही बाजारात आली आहेत. गोडीचा निवाडा जिभेवर होतो, पण मंडईत फळाचा निवाडा डोळ्यांनी होतो; त्यामुळे लहान फळ मागे पडले.

७

तिसरी पायरी वस्तीची, आणि मेहरूणच्या बाबतीत हीच सर्वांत कठोर ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढू लागलेल्या जळगावला मेहरूणच्या तलावाचे पाणी मिळू लागले. १९०६ मध्ये खानदेशची पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली आणि जळगाव हे पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याच नावाचा जिल्हा उभा राहिला. २००३ मध्ये जळगाव महानगरपालिका अस्तित्वात आली. ह्या प्रवासात मेहरूण हे शेजारचे खेडे न राहता शहराचा भाग बनले. ज्या गावाने शहराला पाणी दिले, त्या गावाची शेते शहराच्या वसाहतींनी व्यापली.

जमीन बिनशेती झाली की प्रथम बांध नाहीसा होतो. मोजणीने निर्माण केलेली आणि शंभराहून अधिक वर्षे टिकलेली ती न नांगरलेली पट्टी भूखंडांच्या आखणीत विरघळून जाते. तिच्यावरची झाडे बहुधा तोडली जातात. जी एखाद्या आवारात वा रस्त्याच्या कडेला उरतात, त्यांची अवस्थाही सुखाची नसते. चार मजली, म्हणजे सुमारे बारा मीटर उंच इमारतीची सावली डिसेंबरच्या माध्यान्ही उत्तरेकडे जवळजवळ बारा मीटर पडते. सकाळ-दुपारी ती वीस मीटरच्याही पुढे जाते. तिच्या उत्तरेस उभ्या असलेल्या बोरीला फळ पिकण्याच्या महिन्यांत थेट ऊन जवळपास मिळतच नाही. झाड जगते, पावसाळ्यात हिरवेही दिसते, पण बोरे नावापुरती येतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड म्हातारे झाले. वास्तविक म्हातारपण झाडाला आलेले नसते. त्याचा सूर्य कोणीतरी घेतलेला असतो.

येथे जे पणाला लागले आहे, ते केवळ एका हंगामी फळाचे प्रेम नव्हे. एखाद्या गावाच्या शिवारात पिढ्यानपिढ्या निवडले गेलेले झाड ही त्या गावच्या माणसांच्या निरीक्षणाची नोंद असते. ही नोंद कागदावर नसते; ती झाडाच्या डोळ्यांत असते. मूळ झाड नाहीसे झाले आणि त्याचा डोळा अन्यत्र भरला गेला नसेल, तर ती नोंद कायमची पुसली जाते; मागे केवळ नाव उरते. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. अशा संरक्षणाने नाव सुरक्षित होते. परंतु नाव धारण करणारे झाड उभे राहण्यासाठी जमिनीवर जागा आणि जागेवर ऊन लागते.

८

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मेहरूणच्या बोरीची कीर्ती ज्या व्यवस्थेत वाढली, तिचे तीन घटक होते: न नांगरलेला मोकळा बांध, भोवतालची ठेंगणी पिके आणि उन्हाळ्यातील काटेतोड. ह्यांपैकी एकही घटक बोरीसाठी म्हणून निर्माण केलेला नव्हता. पैमाशी महसुलासाठी झाली, कापूस बाजारासाठी लावला गेला आणि काट्या कुंपणासाठी तोडल्या गेल्या. तरीही तिन्हींचा संकलित परिणाम असा झाला, की वाळवंटी स्वभावाच्या ह्या झाडाला हवे तेवढे ऊन, हवे तेव्हा मिळत राहिले. हे तिन्ही घटक एकामागून एक ढळले, तेव्हा त्यांची जागा शास्त्रीय अंतर, वळण आणि छाटणी ह्यांनी घेतली. जेथे ही जागा कोणीच घेतली नाही, तेथे बोरी मागे पडली.

ह्यातून जतनाची दिशाही सूचित होते. मेहरूणच्या जुन्या झाडांचे डोळे घेऊन ते खानदेशातील अन्य कोरडवाहू शिवारांत, गावठी बोरींवर भरणे शक्य आहे. आजही जेथे कापूस व ज्वारी होते आणि बांध रुंद आहेत, तेथे ह्या झाडाला त्याचे जुने घर मिळू शकते. शहरातील उद्याने, शाळांची आवारे आणि तलावाचा परिसर येथे ती लावावयाची असल्यास इमारतीच्या उत्तरेकडील अरुंद पट्टी टाळून दक्षिणेकडील मोकळी जागा निवडली पाहिजे, आणि दरवर्षी वैशाखात कात्री चालविली पाहिजे. झाड लावण्याचा समारंभ सोपा असतो. त्याला पौषातील ऊन राखून ठेवणे अवघड असते.

तलावाच्या काठचे मेहरूण आता महानगराचा भाग आहे, आणि ते पुन्हा खेडे होणार नाही. पण कापलेल्या बुंध्यातूनही पहिल्या पावसाला फूट येते, हा बोरीचा गुण आहे. त्या फुटीवर योग्य डोळा भरून तिच्या दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली, तर गावाच्या नावाचे फळ गावाबाहेर का होईना, टिकून राहील.